न गेलेले मेसेज

एप्रिलमधल्या एका दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते, तेव्हा तो मेल आला. आमची साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर होती, त्या कंपनीचा. पीएचपीची जुनी आवृत्ती येत्या महिनाअखेरीला बंद होतेय, तुमची साइट नव्या आवृत्तीवर न्या, नाही नेली तर ती चालणार नाही. एवढंच. मी तो मेल तीनदा वाचला आणि डबा झाकून ठेवला.

धाराशिव जिल्ह्यातल्या भूममधल्या त्या कॉलेजात मी मुलांना कॉम्प्युटर शिकवते. पीएचपी म्हणजे साइटच्या मागं, सर्व्हरवर बसून काम करणारी भाषा. तीही शिकवते. त्यामुळं या मेलचा अर्थ मला नीट कळत होता, आणि भीती त्याचीच होती. कंपनीच्या पानावर नुसतं एक बटण होतं. जुनी आवृत्ती सोडून नवी निवडायची आणि बटण दाबायचं. पण त्या बटणामागं दहा वर्षांपूर्वी लिहिलेला कोड होता, आणि तो मी लिहिलेला नव्हता.

तो लिहिला होता डॉक्टरांनी. डॉक्टर म्हणजे जनावरांचे डॉक्टर. सगळी नोकरी त्यांनी आमच्याच भागात काढली. माझं माहेर मेंढरांचं. आमच्याकडचे लोक दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडतात ते पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. कुणी सीना नदीच्या काठाला, कुणी नळदुर्गाच्या बाजूला. आज या वावरात मुक्काम, उद्या त्या. अशा फिरत्या लोकांना लस द्यायची कधी आणि त्यांना कळवायचं कसं, हा प्रश्न डॉक्टरांना आयुष्यभर छळत राहिला. निवृत्त झाल्यावर ते भूमजवळच्याच वाशी गावात स्थायिक झाले, पुस्तकं आणून स्वतःच पीएचपी शिकले आणि त्यांनी ही साइट केली. मेंढपाळानं एकदा फोन करून नाव, नंबर आणि मेंढरांची माहिती सांगायची. मग रोज सकाळी सहाला प्रोग्राम आपोआप चालायचा आणि ज्याच्या मेंढरांची लस जवळ आली असेल त्याला मेसेज जायचा. कुठली लस, आणि जवळचा दवाखाना कुठला.

काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा त्यांनी साइटचा पासवर्ड माझ्या हातात दिला. त्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत मी नवीन नावं भरायची, नंबर बदलायची. कोडला हात लावला नव्हता. फाइल उघडली की वर डॉक्टरांनी कोडमध्येच मराठीत लिहून ठेवलेलं दिसायचं, ‘इथं हात लावू नये. का ते आठवत नाही, पण लावला की बिघडतं.’ ते वाचलं की मी फाइल बंद करायची.

त्या रविवारी सकाळच्या एसटीनं वाशीला गेले. डॉक्टर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आवाजावरून त्यांनी ओळखलं.

मी मेलचं सांगितलं.

“म्हणजे सगळं नव्यानं लिहिणार तू?”

“न्हाय. तेवढा वेळच न्हाय. आहे तोच कोड नव्या आवृत्तीवर चालता करायचा.”

“मग मोडू नको,” ते म्हणाले. “वाईट लिहिलंय मी, मला म्हाईत आहे. पण चालतंय. मे लागला नि वळीव पडला की बांधाला हिरवं फुटतं. कोकरं आधाशासारखी खातात आणि आंत्रविषारानं उभ्या उभ्या पडतात. दुपारी चांगलं असलेलं कोकरू संध्याकाळी नसतं. त्याच्या आधी लस गेली पाहिजे. वर्षातनं एवढा एक महिना ती साइट बंद पडून चालत न्हाय.”

आणि नेमका तोच महिना होता.

काकू, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, “कोड कागदावर छापून आण. मला वाचून दाखव.”

पुढचे दोन रविवार मी त्यांच्या ओट्यावर बसून कोड मोठ्यानं वाचला. कोड मोठ्यानं वाचणं किती अवघड असतं, ते मला तेव्हा कळलं. कंस उघडला, कंस मिटला, स्वल्पविराम. डॉक्टर डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच हात वर करायचे. “थांब. ते तीनदा तपासलंय ना, ते यासाठी की एका वर्षी एकाच माणसाला एका दिवसात चौदा मेसेज गेले होते.” ‘हात लावू नये’ म्हणून लिहिलेल्या जागेपाशी आलो तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं आणि मान हलवली. तिथलं त्यांना आठवलं नाही. मी ती ओळ आहे तशी ठेवली आणि घरी येईपर्यंत एसटीत तिचाच विचार करत बसले.

घरच्या कॉम्प्युटरवर मी साइटची एक वेगळी प्रत केली आणि तिच्यावर नवी आवृत्ती चालवून बघितली. पान उघडलं ते कोरं. एक अक्षर नाही. ही खरी साइट नाही, नुसती प्रत आहे, हे माहीत असूनही मी आधी खरी साइट उघडून बघितली. डेटाबेसशी बोलणारी जी फंक्शन्स डॉक्टरांनी सगळीकडं वापरली होती, ती नव्या आवृत्तीतून काढूनच टाकली होती. ती मी एकेक करून बदलली. मग पान आलं, पण मेंढपाळांची नावं गायब. प्रत्येक नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. माझ्या सख्ख्या मामांच्या नावाच्या जागीसुद्धा सहा प्रश्नचिन्हं. मूळ डेटा शाबूत आहे ना, हे मी त्या दिवशी चार वेळा तपासलं. जोडणी करताना अक्षरांची पद्धत सांगायची राहिली होती, एवढंच कारण निघालं. एक ओळ घातली आणि नावं परत आली. पुढं जिथं जिथं डॉक्टरांनी शब्दांना अवतरणचिन्हं दिली नव्हती, तिथं जुनी आवृत्ती समजून घ्यायची, नवी अडून बसायची. ती सगळी चिन्हं घातली.

या चुका मला आवडायला लागल्या होत्या. त्या दिसत होत्या. पान फुटायचं, लाल अक्षरात फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा यायचा. तिथं जायचं आणि दुरुस्त करायचं.

मुदतीला तीन दिवस राहिले असताना, एका गुरुवारी सकाळी सहाचे मेसेज गेल्यावर मी नवा कोड चढवला आणि ते बटण दाबलं. पान उघडलं. नावं बरोबर. शोध चालतोय. तपासायला म्हणून बारा माणसं मी आधीच निवडून ठेवली होती, सगळी ओळखीची. मामा, मामांचे चुलतभाऊ, आमच्या गावचे. त्यांच्या लसीच्या तारखा बरोबर निघत होत्या. शुक्रवारी सकाळी सहाला प्रोग्राम आपोआप चालला. साडेसहाला मामांना फोन केला.

“मेसेज आला का?”

“आला की. का गं?”

“काय न्हाय. असंच.”

मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “झालं? कुठं काही मोडलं न्हाय?” मी म्हणाले, न्हाय. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला फोनवर ऐकू आला.

आता जे सांगते ते सांगायला मला बरं वाटत नाही. सोमवारी मी पाठवलेल्या मेसेजची यादी बघितली. ती छोटी वाटली. सोमवारची यादी इतर दिवसांपेक्षा मोठी असायची, कारण ज्यांच्या मेंढरांना अजून एकही लस झालेली नाही, अशा नव्यानं नोंदलेल्यांना दर सोमवारी मेसेज जायचा. त्या दिवशी यादी पटकन संपली. मला ते दिसलं. मी स्वतःला म्हणाले, बहुतेकांची लस उरकली असेल. कॉलेजात परीक्षेचं काम होतं, बसला उशीर होत होता. मी लॅपटॉप मिटला. पण दिवसभर काहीतरी टोचत राहिलं. पुढच्या सोमवारी यादी पुन्हा तेवढीच होती आणि मी पुन्हा तेच म्हणाले.

त्या बुधवारी मामांचा फोन आला. मामांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, तेव्हा नळदुर्गाजवळ हायवेपासून आत एका वावरात होता. मामा कधी दुपारी फोन करत नाहीत.

“आगं, त्या आमच्या शेजारच्या बाईचं नाव घातलं होतंस न्हवं यादीत?”

घातलं होतं. मामांच्याच सांगण्यावरून, बटण दाबायच्या आदल्याच दिवशी. ते नवरा-बायको बरीच वर्षं दुसऱ्याची मेंढरं राखत होते आणि त्यांनी याच वर्षी स्वतःची केली होती.

“तिला मेसेज आलाच न्हाय म्हनती. म्या म्हनलं, यील. काल दोन कोकरं गेली. आज सकाळधरनं तीन.”

“मामा, लस द्या म्हणावं. आत्ताच्या आत्ता. मेसेजची वाट बघू नका.”

“डाक्टर आलाय. देतोय. पर तू बघ, काय झालंय ते.”

स्टाफरूममध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी त्या बाईची नोंद उघडली आणि तिच्यासाठी कोड एकेक ओळ चालवून बघायला लागले. पंधरा मिनिटंही लागली नाहीत. ज्याच्या मेंढरांना लस झालेलीच नाही, त्याच्या ‘शेवटची लस’ या रकान्यात डॉक्टर काहीच भरत नसत, आणि मीही. तो रिकामा. आणि कोडमध्ये त्यांनी विचारलं होतं, ‘शेवटची लस शून्य आहे का?’ जुनी पीएचपी रिकाम्या जागेला आणि शून्याला एकच समजायची. उत्तर ‘हो’ यायचं आणि मेसेज जायचा. नवी तसं समजत नाही. तिच्या लेखी शून्य वेगळं, रिकामं वेगळं. तिनं ‘नाही’ म्हटलं, पुढं जाऊन त्या रिकाम्या जागेतून एक भलतीच, पन्नास वर्षांपूर्वीची तारीख काढली, ती आजची नाही असं ठरवलं आणि गप्प बसली. कुठं चूक दाखवली नाही. लाल अक्षर नाही, कोरं पान नाही. मी तपासायला घेतलेल्या बारा जणांत असा रिकाम्या रकान्याचा एकही नव्हता. सगळी माझी माणसं, सगळ्यांची लस वेळेवर झालेली.

असे रकाने मोजले. तेवीस वाडे निघाले.

डॉक्टरांना फोन लावला. मी सगळं सांगितलं, दोन सोमवारच्या छोट्या यादीचंसुद्धा.

ते म्हणाले, “ती ओळ माझी आहे. रिकामं आहे का, असं सरळ विचारायला पाहिजे होतं. मी आळस केला.”

“पण चालत होती. मोडली मी.”

“ते नंतर बघू,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम दवाखान्यातल्यासारखा झाला. “नंबर सांग. निम्मे माझ्याकडं दे, काकू लावून देईल. तू मेसेज पाठवत बसू नको. फोन कर. माणसाचा आवाज ऐकल्याशिवाय पुढचा नंबर लावायचा नाही.”

मी प्राचार्यांना सांगून तास सोडला आणि व्हरांड्यात उभी राहून फोन लावत राहिले. काही लगेच लागले. काहींना मी कोण, हेच कळेना. एकानं आधीच लस दिली होती, त्याला मी दोनदा विचारून खात्री केली. सहा-सात जण रेंजच्या बाहेर. त्यांच्या गावच्या दवाखान्यांना, भाऊबंदांना, एकाच्या बाबतीत तर तो जिथनं पीठ दळून घ्यायचा त्या गिरणीवाल्यालाही फोन केला. संध्याकाळपर्यंत एकवीस जणांपर्यंत निरोप पोचला. उरलेले दोघं दुसऱ्या दिवशी सापडले. इतर कुणाचं कोकरू गेलं नव्हतं. निदान मला कुणी तसं सांगितलं नाही. कोडमधली ओळ मी या सगळ्याच्या मधेच केव्हातरी दुरुस्त केली. त्याला दोन मिनिटं लागली.

शुक्रवारी रजा टाकून नळदुर्गाला गेले. भूमहून धाराशिव, तिथनं तुळजापूर, मग नळदुर्ग. एसटीत बसल्या बसल्या काय बोलायचं ते मनात जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य स्वतःच्या बाजूचं वाटत होतं. हायवेवरच्या ढाब्यापाशी मामा घ्यायला आले होते. त्यांना म्हणाले, मला आधी तिच्याकडं जायचंय.

जाळीच्या वाघरीत कोकरं कोंडलेली होती. ती बाई, माझ्याच वयाची असेल, दगडाच्या चुलीवर भाकरी थापत होती. नवरा मेंढरांमागं गेला होता. एकूण नऊ कोकरं गेली होती. लस टोचल्यावरही चार गेली, कारण लस अंगी लागायला दिवस जावे लागतात. मामांनी माझी ओळख करून दिली आणि ते बाजूला जाऊन उभे राहिले.

मी म्हणाले, “तुमाला मेसेज यायला पाहिजे होता. आला न्हाय, ती चूक माझी. साइटमध्ये मी बदल केला आणि त्यात तुमचं नाव सुटलं.”

तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. मग विचारलं, “मुद्दाम केलं का?”

“न्हाय.”

“मग कशापायी बदललं? चालत हुतं न्हवं?”

“बदललं नसतं तर सगळंच बंद पडलं असतं. पण बदलल्यावर नीट बघायला पाहिजे होतं. मला शंका आली होती. मी बघितलं न्हाय.”

शेवटचं वाक्य बोलायचं मी ठरवलं नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. रागावली असती तर बरं झालं असतं, असं वाटलं.

“सांगाय आलात ते बरं केलं, अक्का,” ती म्हणाली. “पर कोकरं गेली ती गेली. आता मला एक सांगा. मेसेज आला तर कळतंय. आला न्हाय, तर आला न्हाय हे मला कसं कळावं?”

ती पुढं म्हणाली, “माज्या आईला मी दर बाजाराच्या दिवशी फोन करती. एखाद्या बाजारी न्हाय केला, तर ती दुसऱ्याच्या फोनवरनं इचारती, काय झालं म्हनून. तसं कायतरी पायजे.”

तिनं मला भाकरी आणि ठेचा दिला. नको म्हणायची हिंमत झाली नाही.

परत आल्यावर मी डॉक्टरांना तिचा प्रश्न सांगितला. त्यांनी तो मला पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाले, “दहा वर्षांत मला हे सुचलं न्हाय.” आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. लस असो वा नसो, यादीतल्या प्रत्येकाला दर महिन्याच्या एक तारखेला एक मेसेज जाईल. ‘तुमचं नाव यादीत आहे. एक तारखेला हा मेसेज आला नाही, तर या नंबरवर फोन करा.’ नंबर माझा. शिवाय रोज किती मेसेज गेले, त्याचा आकडा मला सकाळी येतो, आणि तो नेहमीपेक्षा फार कमी असला की दुसरा मेसेज डॉक्टरांना जातो. तो काकू त्यांना वाचून दाखवतात. आणि आता तपासायला मी ओळखीची माणसं घेत नाही. रिकाम्या रकान्यांची, चुकीच्या तारखांची, अर्धवट नावांची खोटी माणसं तयार करून ठेवली आहेत. कुठलाही बदल आधी त्यांच्यावर.

मामांनी त्या बाईला आपल्यातली दोन मादी कोकरं दिली. मला ते त्यांनी सांगितलं नाही, आईकडून कळलं. ‘हात लावू नये’ लिहिलेल्या त्या ओळीचं कारण डॉक्टरांना अजून आठवलेलं नाही. ती तशीच आहे.

एक तारीख आली की माझी झोप साडेपाचलाच मोडते. सहाला मेसेज जातात आणि सव्वासहापासून फोन यायला लागतात. कुणाचा नंबर बदललेला असतो, कुणी डोंगराच्या पलीकडं असतो. दिवाळीनंतरच्या एक तारखेला तिचा फोन आला.

“अक्का, एक तारीख झाली. मेसेज न्हाय.”

मी ताडकन उठून लॅपटॉप उघडला. तिच्या नावापुढं ‘गेला’ असं दिसत होतं. पण ‘गेला’ म्हणजे पोचला नव्हे, हे मला आता माहीत आहे. पुन्हा पाठवला. नाही आला. तिसऱ्यांदा पाठवला. ती फोन सुरूच ठेवून नवऱ्याशी काहीतरी बोलत होती, मागं मेंढरांचा आवाज येत होता. मग तिचा नवरा फोनवर आला आणि म्हणाला, फोन भरलाय म्हनतोय, जागा न्हाय. मी त्याला जुने मेसेज कसे पुसायचे ते सांगितलं. त्यानं एकेक पुसायला घेतले. मी फोन कानाला लावून बसून राहिले. चहा गार झाला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, “आला. तिन्ही एकदम आले.”